सोयाबीनच्या काढणीनंतर आलेला ताप : स्क्रब टायफसचा क्रम नेमका कसा असतो?

रामबागकर (इंदूर) यांचा प्रश्न :

नमस्कार मंडळी,

माझा मोठा भाऊ, वय ३४, गेला आठवडाभर तापाने आजारी आहे. आमचे घर रामबागेत असले तरी सांवेरजवळ आमची थोडी शेती आहे आणि दरवर्षीप्रमाणे यंदाही सोयाबीनच्या काढणीच्या वेळी दादा तेथे मुक्कामाला होता. परत आल्यावर साधारण दहा-बारा दिवस तो अगदी ठणठणीत होता. मग एका संध्याकाळी एकाएकी हुडहुडी भरून ताप आला, डोके असह्य दुखू लागले, डोळे लाल झाले आणि अंग असे मोडून आले की कूस बदलणेही त्याला नकोसे झाले.

पहिल्या दवाखान्यात ज्या तपासण्या झाल्या, त्यांत मलेरिया निघाला नाही, डेंग्यूची एनएस१ चाचणीही नकारार्थी आली. टायफॉइडसाठी केली जाणारी विडाल ही रक्तचाचणी मात्र किंचित सकारात्मक आली. त्यावरून टायफॉइड धरून सेफ्ट्रिआक्सोन या प्रतिजैविकाची इंजेक्शने सुरू झाली. आईनेही हा मुदतीचा ताप आहे, एकवीस दिवस घेणारच, असे म्हणून आम्हांला धीर दिला. परंतु ताप हलेना. प्लेटलेट ८५ हजारांवर आल्या, एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताची एन्झाइम दोन्ही दोनशेच्या पुढे गेली आणि कोरडा खोकला सुरू झाला, तेव्हा आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दादाला कपडे उतरवून डोक्यापासून पायापर्यंत तपासले. कमरेच्या डाव्या बाजूला, पायजम्याची नाडी जेथे बसते नेमकी त्या रेषेवर, सुमारे अर्ध्या सेंटिमीटरची काळी खपली होती आणि तिच्याभोवती लालसर कडे होते. दादाला तिचा पत्ताही नव्हता, कारण तेथे दुखत नव्हते की खाजत नव्हते. त्याच बाजूच्या जांघेत गाठ सुजलेली होती. डॉक्टरांनी स्क्रब टायफसचे निदान करून त्याच संध्याकाळी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू केले आणि रक्त एलायझा चाचणीसाठी पाठवले. अहवाल अजून यायचा आहे.

हा आजार शरीरात नेमके काय करतो, पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्यात त्याची वाटचाल कशी होते आणि कोणत्या लक्षणांना घाबरावे, हे मला समजून घ्यायचे आहे. अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करणे योग्य होते का, अशी शंका घरातील वडीलधाऱ्यांना आहे. शिवाय वहिनींना पाचवा महिना सुरू आहे. दादापासून त्यांना संसर्ग होईल का, ही आमची सर्वांत मोठी काळजी आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.


फिजिशियन_इंदूर यांचे उत्तर :

आपल्या काळजीचे उत्तर आधी देते. स्क्रब टायफस एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला होत नाही. खोकल्याने नाही, स्पर्शाने नाही, एका ताटात जेवल्यानेही नाही. वहिनींनी भावाची शुश्रूषा करण्यास काहीही हरकत नाही. मात्र त्यांना स्वतःला ताप आला तर तो अंगावर काढू नये, कारण गरोदरपणात हा आजार झाला आणि उपचारास उशीर झाला तर गर्भपाताचा आणि मूल पोटातच दगावण्याचा धोका असतो. गरोदर स्त्रियांमध्ये त्यासाठी ॲझिथ्रोमायसिन दिले जाते.

हा आजार ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी नावाच्या जिवाणूमुळे होतो. हा जिवाणू पेशींच्या बाहेर वाढू शकत नाही. चिगर म्हणजे माइट या कोळ्यांच्या वर्गातील अतिसूक्ष्म जीवाची अळी चावते, तेव्हा तो त्वचेत शिरतो, आधी तेथेच वाढतो, मग जवळच्या लसिका ग्रंथींत आणि तेथून रक्तात जातो. चावल्यापासून ताप येईपर्यंत ६ ते २१ दिवस जातात, बहुतेकांत १० ते १२. शेतातून परतल्यावर भाऊ काही दिवस ठणठणीत असणे याच हिशेबात बसते. म्हणूनच तापाच्या रुग्णाला 'काल-परवा कोठे गेला होतात' एवढे विचारून भागत नाही, मागच्या तीन आठवड्यांचा हिशेब घ्यावा लागतो.

पहिल्या आठवड्यात हा ताप इतर तापांपासून ओळखू येणे कठीण असते. एकाएकी चढणारा ताप, थंडी, कपाळ आणि डोळ्यांमागे ठणकणारे डोके, स्नायूदुखी, लालसर डोळे, मळमळ, उलट्या, कधी पोटदुखी, कधी कोरडा खोकला. साधारण पहिला आठवडा सरता सरता काहींच्या छातीपोटावर फिकट पुरळ उठते. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर ते नीट दिसत नाही, म्हणून पुरळ नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. लसिका ग्रंथी सुजतात, यकृत आणि प्लीहा थोडी वाढलेली हाताला लागते. रक्तात प्लेटलेट उतरतात आणि यकृताची एन्झाइम चढतात, आणि डेंग्यूतही नेमके हेच होत असल्यामुळे गोंधळ होतो. फरकाच्या दोन-तीन खुणा सांगते. डेंग्यूत पांढऱ्या पेशी बहुधा कमी होतात, स्क्रब टायफसमध्ये त्या प्राकृत किंवा वाढलेल्या असतात. डेंग्यूचा ताप साधारणपणे आठवड्याच्या आत उतरतो आणि धोक्याचा काळ ताप उतरण्याच्या सुमारास येतो. येथे मात्र ताप उतरतच नाही, उपचार न मिळाल्यास तो दोन आठवडे, कधी त्याहूनही अधिक राहतो आणि धोका त्या वाढत्या तापाबरोबर वाढत जातो.

आता त्या काळ्या खपलीविषयी, कारण निदानाची सगळी गुरुकिल्ली तीच आहे. तिला एस्कार म्हणतात. चावलेल्या जागी आधी लहानशी पुटकुळी येते, तिच्यात पाणी भरते, ती फुटून मध्यभागी ऊतक मरते आणि काळी कोरडी खपली धरते, भोवती लाल कडे व कधी पापुद्र्यासारखी सुटणारी त्वचा असते. ती गळवासारखी ठणकत नाही, तिच्यात पू होत नाही आणि ती खाजतही नाही, त्यामुळे रुग्ण स्वतः तिच्याबद्दल कधीच सांगत नाही. ती शोधावी लागते. चिगरला मऊ, झाकलेली, दमट आणि कपडा आवळून बसलेली जागा आवडते: काख, जांघ, स्तनांखालची घडी, नाभी, कंबर, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत, जननेंद्रियांवर. घामट घडीत खपली काळी न होता पांढरट-पिवळट, ओलसर खड्ड्यासारखी दिसते आणि सहज निसटते. स्त्रियांची तपासणी आपल्याकडे संकोचापोटी अर्धवट होते. तेथे स्त्री डॉक्टरने किंवा परिचारिकेने दिवा घेऊन बघावे, पण बघावेच. खपली सापडण्याचे प्रमाण भारतातल्या निरनिराळ्या रुग्णालयांत फार कमी-जास्त आढळते. हा फरक काही अंशी जिवाणूंच्या निरनिराळ्या जातींमुळे असला, तरी बघणारा किती नीट बघतो यावरही तो अवलंबून असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा आठवडा हा खरा कसोटीचा. जिवाणू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींत वाढतो, तेथे दाह होतो आणि बारीक वाहिन्या पाझरू लागतात. जुन्या कौलारू घरात पावसाचे पाणी कोणत्या खोलीत आधी झिरपेल हे जसे सांगता येत नाही, तसे येथे कोणता अवयव आधी बाधित होईल हे सांगता येत नाही. फुप्फुसांत पाझर झाला तर धाप लागते, प्राणवायूची पातळी घसरते आणि काहींना कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवावे लागते. मूत्रपिंडे मंदावली की लघवी कमी होते आणि रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचे द्रव्य) चढते. मेंदू व त्याच्या आवरणांना सूज आली तर मान आखडते, रुग्ण बरळतो, झटके येतात. हृदयाच्या स्नायूला दाह होऊ शकतो, रक्तदाब कोसळू शकतो, आणि क्वचित पचनमार्गातून रक्तस्राव होतो. उत्तर प्रदेशातील गोरखपूर भागात लहान मुलांना होणाऱ्या मेंदूज्वराच्या साथींचा छडा लावताना स्क्रब टायफस हे त्यामागचे एक मोठे कारण असल्याचे गेल्या दशकात पुढे आले, यावरून दुसऱ्या आठवड्याचे गांभीर्य ध्यानात यावे. प्रकाशित अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतल्यास उपचार न झालेल्या रुग्णांतील मृत्युदराचा मध्यक (म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर येणारा मधला आकडा) ६ टक्के आणि उपचार झालेल्यांत सुमारे १.४ टक्के दिसतो. परंतु पहिला आकडा ठिकाणानुसार शून्यापासून ७० टक्क्यांपर्यंत हेलकावे खातो, आणि अनेक अवयव बाधित झाल्यावर दाखल होणाऱ्यांची स्थिती या आकड्यांपेक्षा पुष्कळ वाईट असते.

म्हणून अहवालाची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन सुरू करणे सर्वथा योग्य होते. पावसाळ्याच्या शेवटी शेतातून आलेला माणूस, पाच दिवसांहून लांबलेला ताप, उतरलेल्या प्लेटलेट, वाढलेले यकृताचे आकडे आणि एस्कार, एवढे जुळल्यावर कागदाची वाट बघणे म्हणजे दुसरा आठवडा उंबऱ्यावर आणून बसवणे होय. प्रौढांत १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, साधारण सात दिवस, हा रूढ क्रम आहे. सेफ्ट्रिआक्सोनने ताप का हलला नाही, याचेही उत्तर यातच आहे: पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातील औषधे या जिवाणूवर चालत नाहीत. आपल्या आईंचा अनुभव जुना आणि मानाचा आहे, पण मुदत भरण्याची वाट पाहणे या तापात घातक ठरते, हे त्यांना आदराने पण ठामपणे सांगावे.

डॉक्सिसायक्लिन लागू पडले की बहुधा ४८ तासांत ताप उतरतो. ७२ तासांनंतरही तो तसाच राहिला तर निदान पुन्हा तपासावे लागते, किंवा जोडीला दुसरा संसर्ग आहे का, हे पाहावे लागते. गोळी जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि घेतल्यावर निदान अर्धा तास आडवे होऊ नये, कारण ती अन्ननलिकेत अडकली तर तेथे व्रण पडतो. त्याच वेळी लोहाच्या, कॅल्शियमच्या किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या घेऊ नयेत. त्यांच्यामुळे औषध शोषले जात नाही.


प्रयोगशाळा_तंत्र यांचे उत्तर :

डॉक्टरांनी वैद्यकीय बाजू मांडलीच आहे. अहवाल येईल तेव्हा तो कसा वाचावा, एवढ्यापुरते लिहितो, कारण माझा रोजचा संबंध त्याच्याशी आहे.

आयजीएम एलायझा ही चाचणी जिवाणू शोधत नाही, जिवाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. ती तयार व्हायला वेळ लागतो. तापाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी रक्त दिले तर चाचणी नकारार्थी येऊ शकते आणि रुग्णाला स्क्रब टायफस नाही असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. साधारण पहिल्या आठवड्याच्या अखेरीपासून तिच्यावर भिस्त ठेवता येते. आपल्या भावाचे रक्त योग्य वेळी गेले आहे. तरीही अहवाल नकारार्थी आला तर उपचार थांबवू नयेत. आठवड्याने पुन्हा नमुना द्यावा. याउलट एक सावधगिरीही आहे. ही प्रतिपिंडे रक्तात कित्येक महिने टिकतात, त्यामुळे पुढच्या हंगामात एखाद्या वेगळ्याच तापात चाचणी केली तर ती जुन्या आजारामुळे सकारात्मक येण्याची शक्यता असते. भावाची फाइल जपून ठेवा.

वेइल-फेलिक्स ही जुनी आणि स्वस्त चाचणी अजूनही लहान ठिकाणी केली जाते. तिच्यात प्रोटियस नावाच्या भलत्याच जिवाणूच्या ओएक्स-के या प्रकाराशी प्रतिपिंडांचा संयोग पाहतात. ती अनेक खरे रुग्ण हुकवते. सकारात्मक आली तर उपयोगी, नकारार्थी आली तर तिच्यावर विसंबून राहू नये. पहिल्या आठवड्यातच पक्के निदान हवे असेल तर पीसीआर, म्हणजे जिवाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, हा मार्ग आहे आणि त्यासाठी सर्वांत चांगला नमुना म्हणजे ती काळी खपलीच. रक्तात जिवाणूचा अंश मावळल्यावर, अगदी औषध सुरू झाल्यानंतरही, खपलीत तो सापडू शकतो. त्यामुळे डॉक्टरांनी खपली तपासणीस पाठवायची म्हटले तर नकार देऊ नका. ती अलगद निघते आणि वेदना फारशा होत नाहीत. साध्या रक्तकल्चरमध्ये हा जिवाणू कधीच वाढत नाही, कारण त्याला जिवंत पेशी लागतात. कल्चर निर्जंतुक आले म्हणून समाधान मानण्यात अर्थ नाही.

विडालविषयी मला तळमळीने लिहावेसे वाटते. टायफॉइड जेथे सतत असतो अशा आपल्या प्रदेशात असंख्य निरोगी माणसांच्या रक्तातही थोडी विडाल सकारात्मकता सापडते. एका नमुन्याच्या किंचित सकारात्मक विडालवर टायफॉइडचे निदान करू नये. टायफॉइडचा संशय असेल तर प्रतिजैविक देण्याआधी रक्तकल्चर करणे हा योग्य मार्ग आहे. रुग्णाचे बहुमोल दिवस या एका कागदापायी वाया जाताना मी वारंवार पाहतो आणि प्रत्येक वेळी हळहळतो.


महूची_लेक यांचे उत्तर :

माझ्या आईला काही वर्षांपूर्वी हाच आजार झाला होता. तेव्हा तिने साठी ओलांडली होती. आमच्या घरामागे मोकळा भूखंड आहे. पावसाळ्यात तेथे कमरेएवढे गाजरगवत माजते. आई तेथून पूजेसाठी दूर्वा आणि आघाडा आणीत असे, एवढाच काय तो तिचा गवताशी संबंध. शेताचे नाव नाही आणि सहलीचेही नाही. त्यामुळे कोणाच्याच मनात हा संशय आला नाही आणि निदान झाले तेव्हा दुसरा आठवडा लागला होता. खपली स्तनाखालच्या घडीत होती.

दुसरा आठवडा कसा असतो हे मी जवळून पाहिले म्हणून काही खुणा सांगते. आधी तिचा श्वास बदलला. ती धाप लागते असे म्हणत नव्हती, पण वाक्य पुरे करण्याआधी मध्येच थांबत होती. बोटाला लावायच्या यंत्रावर प्राणवायू ९० च्या खाली दिसला आणि त्याच रात्री तिला अतिदक्षता विभागात हलवावे लागले. त्याआधीच्या दिवसभरात ती लघवीला जेमतेम एकदा गेली होती. ताप आहे, पाणी कमी पोटात जाते आहे, असे आम्ही समजत होतो. मग बरळणे सुरू झाले. ती मला माझ्या दिवंगत मावशीच्या नावाने हाक मारीत होती. पेला उचलताना हात थरथरत होता. आणखी एक गोष्ट नंतर लक्षात आली: फोनवर बोलताना ती पलीकडचे नीट कळत नाही म्हणून फोन सारखा या कानाचा त्या कानाला लावी. डॉक्टरांनी सांगितले की या आजारात ऐकू कमी येणे आणि कानात आवाज होणे ही ओळखीची लक्षणे आहेत आणि तापाच्या रुग्णाला एकाएकी कमी ऐकू येऊ लागले तर या निदानाचा विचार अवश्य करावा. तिचे ऐकणे पुढे हळूहळू पूर्ववत झाले.

औषध शिरेतून सुरू झाल्यावरही तिचा ताप उतरायला अधिक वेळ लागला, आणि फुप्फुसे मोकळी व्हायला तर त्याहूनही अधिक. ताप गेल्यावरचा अशक्तपणा कित्येक आठवडे टिकला. जिना चढताना ती मध्ये थांबत असे, भूक नव्हती, झोप तुटक होती. आपल्या भावाचे निदान आईच्या मानाने वेळेवर झाले आहे, त्यामुळे आपल्याला यातले बरेचसे पाहावे लागणार नाही अशी मला आशा आहे. तरी घरात प्राणवायू मोजण्याचे यंत्र ठेवा, दिवसातून चार वेळा नोंद करा आणि लघवीचे प्रमाण विचारायला संकोचू नका.


बांधावरचा_अभ्यासक यांचे उत्तर :

मी कृषी कीटकशास्त्राचा विद्यार्थी होतो आणि आता देपालपूर भागात शेती करतो. रोग कोठून येतो याविषयी लिहितो.

माइटच्या आयुष्यात अंडे, अळी, पिल्लू आणि प्रौढ अशा अवस्था असतात आणि त्यांपैकी केवळ अळीच प्राण्यांना चावते. पिल्लू व प्रौढ मातीत राहून बारीक कीटकांची अंडी खातात. भारतात या रोगाचा प्रमुख वाहक लेप्टोट्रोम्बिडियम डेलिएन्स ही जात आहे. अळी जेमतेम ०.२ मिलिमीटरची, सहा पायांची आणि नारिंगी-तांबूस रंगाची असते. नुसत्या डोळ्यांना ती दिसणे जवळपास अशक्य. ती गवताच्या टोकाशी किंवा पाचोळ्यावर दबा धरून बसते, जाणाऱ्या-येणाऱ्या उंदराच्या, चिचुंद्रीच्या अथवा माणसाच्या अंगावर चढते आणि दोन-चार दिवस चिकटून राहून त्वचेतील द्रव शोषते. रक्त ती पीत नाही. चावलेले कळतही नाही. उंदीर या रोगाचे मूळ भांडार आहेत असा समज आहे, तो पुरता खरा नाही. संसर्ग झालेली मादी तो अंड्यांतून पुढच्या पिढीला देते, त्यामुळे खरे भांडार माइट स्वतःच आहे; उंदीर तिला पोसतात आणि इकडून तिकडे नेतात. म्हणूनच कोठल्याशा बांधावर, ओढ्याच्या काठी किंवा पडीक तुकड्यावर हा रोग वर्षानुवर्षे ठाण मांडून राहतो आणि शेजारच्या शेतात त्याचा मागमूसही नसतो.

अळी आयुष्यात एकदाच असे पोट भरते. दादाच्या अंगावरून ती वहिनींच्या अंगावर जाईल ही भीती म्हणूनच बाळगू नये. शेतातून आणलेले कपडे मात्र वेगळे ठेवून गरम पाण्यात धुवावेत.

आपल्याकडे सोयाबीनची काढणी सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरात येते आणि पावसानंतरच्या ओलाव्यात चिगरचा हंगामही तेव्हाच असतो. कापणारा माणूस उकिडवा बसून पुढे सरकतो, पेंढ्या कमरेशी धरून उचलतो, दुपारी बांधावरच्या गवतात पाठ टेकतो. या तिन्ही वेळा गवत थेट कपड्यांच्या घड्यांशी भिडते. इंदूरची स्वच्छता देशभर नावाजली जाते आणि त्याचा आपल्याला अभिमानही आहे, पण हा रोग कचऱ्याचा नाही. तो गवताचा, झुडपांचा आणि उंदरांचा आहे. नव्या वसाहतींमधले रिकामे प्लॉट, तसेच रविवारी आपण जेथे मुलाबाळांना घेऊन जातो ते पातालपानी, तिंछा आणि चोरलचे उतार, सगळीकडे तो असू शकतो. महाराष्ट्रात २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नागपूर आणि विदर्भात त्याची मोठी साथ आली होती, तेव्हा शहरातले रुग्णही कमी नव्हते.

मी स्वतः काढणीला पूर्ण बाह्यांचा सदरा घालतो, पायजम्याचे पाय मोज्यांत खोचतो आणि घोट्यांना व मनगटांना डीट हे कीटकांना दूर ठेवणारे द्रव्य असलेले मलम लावतो. विश्रांतीसाठी बाज किंवा निदान ताडपत्री असावी. घरी आल्याबरोबर साबण लावून, अंग खसखसून आंघोळ करावी, म्हणजे अजून न चिकटलेल्या अळ्या निघून जातात. मजुरांनाही हे सांगणे हे आपले कर्तव्य आहे. तापाने पडल्यावर त्यांचा दिवसाचा रोज बुडतो आणि ते सर्वांत उशिरा दवाखान्यात पोचतात.


रामबागकर (इंदूर) :

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनःपूर्वक आभार. औषध सुरू झाल्यावर दुसऱ्या रात्री दादाला दरदरून घाम सुटला आणि ताप उतरला. त्यानंतर तो पुन्हा चढलेला नाही. एलायझा अहवाल सकारात्मक आला आहे. खोकला थोडा आहे, प्राणवायू ९७ आहे आणि आज त्याने आपणहून वरणभात मागितला. आईनेही मुदतीचा आग्रह सोडला आहे. तीन शंका उरल्या आहेत. बरे वाटू लागल्यामुळे दादा गोळ्या बंद करू म्हणतो, ते चालेल का? आणि एकदा हा आजार झाल्यावर पुन्हा होत नाही ना? शिवाय दादाबरोबर शेतावर माझा आठ वर्षांचा पुतण्याही होता. त्याला ताप नाही, तरी प्रतिबंधक म्हणून औषध द्यावे का?


फिजिशियन_इंदूर :

वाचून फार बरे वाटले. गोळ्या अर्ध्यावर बंद करू देऊ नका. ताप उतरला म्हणजे जिवाणूची वाढ रोखली गेली, तो पुरता नाहीसा झाला असे नव्हे. औषध लवकर थांबवल्यास ताप उलटू शकतो. डॉक्टरांनी ठरवलेले दिवस पूर्ण करावेत. खोकला वाढला, श्वास जड वाटू लागला किंवा तंद्री आली तर ताप नसला तरी लगेच दाखवावे.

आजार पुन्हा होऊ शकतो. या जिवाणूच्या अनेक उपजाती आहेत. ज्या उपजातीने आजार झाला तिच्याविरुद्धची प्रतिकारशक्ती काही काळ टिकते, पण इतरांविरुद्ध ती काही महिन्यांतच ओसरते. लस अजून उपलब्ध नाही. त्यामुळे पुढच्या वर्षी काढणीला जाताना वर सांगितलेली काळजी घ्यावी लागेलच.

पुतण्याला लक्षणे नसताना औषध देण्याची गरज नाही. शेतातून परतल्यापासून तीन आठवडे त्याच्यावर लक्ष ठेवा, आंघोळीच्या वेळी काखा, जांघा, कानामागची जागा आणि केसांखालची त्वचा पाहत जा आणि ताप आला तर बालरोगतज्ज्ञांना शेतावरच्या मुक्कामाविषयी पहिल्याच वाक्यात सांगा. डॉक्सिसायक्लिनने मुलांचे दात पिवळे पडतात ही जुनी भीती थोड्या दिवसांच्या उपचाराला लागू होत नाही, हे आता मान्य झाले आहे. मुलांमध्ये ते वजनानुसार देतात, किंवा ॲझिथ्रोमायसिन देतात.

मागे एका ताईंनी शिरेतून दिलेल्या औषधाचा उल्लेख केला, त्याला जोडून सांगते. २०२३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये भारतातील सात केंद्रांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गंभीर रुग्णांत डॉक्सिसायक्लिन आणि ॲझिथ्रोमायसिन दोन्ही एकत्र शिरेतून दिल्यास, कोणतेही एकच औषध देण्यापेक्षा अवयवांची गुंतागुंत सातव्या दिवसापर्यंत अधिक रुग्णांत निवळते, असे त्यात दिसले. मृत्यूंच्या संख्येत मात्र ठळक फरक आढळला नाही. आपल्या भावाचा आजार त्या पायरीपर्यंत गेलेला नाही, त्यामुळे त्यांना तोंडाने घ्यायची गोळी पुरेशी आहे. आठवड्याभराने प्लेटलेट, यकृताची एन्झाइम आणि क्रिएटिनिन पुन्हा तपासून घ्यावेत. यकृताचे आकडे पूर्ववत व्हायला आणखी थोडे दिवस लागले तर घाबरू नये, फक्त तोवर त्यांनी आपल्या मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत.